वाचकांचे प्रश्न : मूल बोलायला लागताना

प्रश्न : मुलगा २२ महिन्यांचा आहे. सांगितलेलं सगळं त्याला समजतं, हवं ते बोटाने दाखवतो, पण शब्द सात-आठच. आम्ही दिवसभर ‘हे काय? सांग बघू. बॉल म्हण’ असं मागे लागतो आणि तो तोंड फिरवतो. याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते, असं घरातले म्हणतात. घरी काय करता येईल?

उत्तर : समज चांगली आहे आणि तो बोटाने दाखवतो, या दोन्ही जमेच्या बाजू. तरीही या वयाला सात-आठ शब्द कमी आहेत. दोन वर्षांचं होईपर्यंत साधारण ५० शब्द आणि ‘दूध दे’, ‘बाबा आले’ अशा शब्दांच्या जोड्या यायला हव्यात. घरात कुणी उशिरा बोललं असेल, तर ते निर्धास्त राहायचं नव्हे, लवकर लक्ष घालायचं कारण आहे.

आधी कानांची रीतसर तपासणी करून घ्या. दार आपटल्यावर मूल दचकतं म्हणून ऐकू नीट येतं, असं धरू नका. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं, तर मोठे आवाज पोचतात, पण स, फ, त यांसारखे बारीक आवाज निसटतात. मुलाला शब्द अर्धामुर्धाच ऐकू येतो.

आता घरचा सराव. ‘म्हण’ हा शब्द काही आठवडे बंद ठेवा, कारण त्यात मुलाची परीक्षा होते आणि न बोलणं हे त्याचं उत्तर बनतं. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. टीव्ही बंद करा. तुम्ही जमिनीवर बसा, म्हणजे त्याला तुमचे ओठ समोर दिसतील.

साबणाचे फुगे उडवण्याचा खेळ घ्या. पहिल्यांदा न थांबता फुगे उडवा, फुटताना ‘फुटला!’ म्हणा. मग बाटलीचं झाकण घट्ट लावा, बाटली स्वतःच्या तोंडाजवळ धरा, त्याच्याकडे अपेक्षेने बघा आणि गप्प राहा. मनात सावकाश पाच ते दहापर्यंत मोजा. मोठ्यांना ही शांतता फार लांब वाटते. बहुतेक पालक दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला बोलून जातात आणि मुलाची पाळी हुकते. त्याने नजर वळवली, हात पुढे केला, ‘उ’ म्हटलं, काहीही केलं, तरी ते मागणं समजा. ‘उघड! उघडू या’ म्हणत लगेच झाकण काढा. दोनदा थांबूनही काही आलं नाही, तर तुम्हीच शब्द म्हणा आणि फुगे उडवा. बोलल्याशिवाय वस्तू द्यायचीच नाही असा हट्ट धरला, की मूल रडतं आणि खेळच नकोसा होतो.

शब्द निवडताना रंग, आकडे, मुळाक्षरं बाजूला ठेवा; त्यांनी मुलाचं काहीच काम होत नाही. दे, नको, अजून, संपलं, उघड, चल, वर, पडलं हे शब्द घ्या. एका वेळी आठ-दहा पुरेत, पण प्रत्येक शब्द वेगवेगळ्या जागी यावा. ‘उघड’ हा डब्याला, दाराला, पिशवीला, बुटाच्या पट्ट्यालाही लागू पडला पाहिजे.

तो जितकं बोलतो त्याच्या एकच पायरी वर बोला. तो ‘बॉल’ म्हणाला तर तुम्ही ‘बॉल पडला’, नुसताच हात दाखवला तर ‘बॉल’. प्रश्न विचारावासा वाटला, तर आधी तीन साधी वाक्यं बोला : ‘गाडी आली. गाडी थांबली. लाल गाडी.’ निम्म्या वेळा मग प्रश्नाची गरज उरत नाही. घरात मोठं भावंड असेल आणि तेच याच्या वतीने उत्तरं देत असेल, तर त्याला फुगे उडवायचं काम द्या.

शब्दांची वही ठेवा. पाण्याला दर वेळी ‘पा’ म्हणत असेल तर तो शब्द धरायचा, ‘भू भू’ही धरायचा. दोन वर्षांना शब्दांची जोडी आली नसेल, तर वही घेऊन स्पीच थेरपिस्टकडे जा.

प्रश्न : आमच्या घरात दोन भाषा बोलल्या जातात. मुलगी अडीच वर्षांची आहे. मोबाइलवरची गाणी आणि आकडे घडाघडा म्हणते, पण तहान लागली तरी पाणी मागत नाही. एक भाषा बंद करावी का?

उत्तर : नको. दोन भाषांमुळे बोलणं खुंटत नाही. दोन्हींतले शब्द एकत्र मोजा आणि ज्याला जी भाषा सहज येते त्याने तीच बोलावी.

मोबाइलचा मुद्दा खरा आहे. तो तिच्या उत्तरासाठी थांबत नाही, तिने काही म्हटलं तरी त्याला फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी असेल तितकं बरं. तिची आवडती गाणी तुम्ही स्वतः, हळू म्हणा. शेवटचा शब्द गाळून थांबा, तो तिला भरू द्या. पाण्याचा पेला तिला दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवा आणि वर सांगितल्याप्रमाणे वाट बघा.

मात्र हाक मारल्यावर ती बघत नसेल, काही दाखवायला बोट करत नसेल किंवा आधी येणारे शब्द गेले असतील, तर घरच्या सरावावर वेळ काढू नका. बालविकासतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात मागा.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. ‘काका’ला ‘ताता’, ‘गाय’ला ‘दाय’ म्हणतो. जिभेखालचा पडदा कापून घ्यावा, असं सुचवलं जातंय.

उत्तर : त आणि द म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकतं, क आणि ग म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. पडदा अडवतो तो पुढचा भाग, आणि तोच तुमच्या मुलाचा उत्तम चालतोय. तेव्हा या उच्चारांसाठी पडदा कापण्यात अर्थ नाही. क-ग ची ही अदलाबदल बरीच मुलं चार वर्षांच्या आसपास सोडतात. र आणि ळ तर आणखी उशिरा येतात.

तो ‘ताता आले’ म्हणाला, की ‘हो, काका आले. काका बसले’ असं म्हणा. क थोडा ठसठशीत, बाकी नेहमीसारखं. त्याच्याकडून परत वदवून घेऊ नका आणि त्याचं बोबडं लाडाने उचलूही नका. बरोबर उच्चार त्याच्या कानावर पडायला हवा. परक्या माणसाला त्याचं निम्मंही कळत नसेल, तर चार वर्षांची वाट न बघता दाखवून घ्या.

प्रश्न : अडीच वर्षांची मुलगी छान बोलत होती. आता ‘म-म-मला’, ‘मी मी मी’ असं अडखळते. हळू बोल म्हटलं की चिडते.

उत्तर : तोतरेपणा बहुधा याच वयात सुरू होतो आणि पुष्कळ मुलांचा आपोआप जातो. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ या सूचना बंद करा. त्याने तिचं लक्ष अडखळण्यावर जातं. वेग तुम्ही कमी करा, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, नजर तिच्या तोंडावर रोखू नका. बोलताना डोळे मिटणं, मान झटकणं, आवाजच न फुटणं असं दिसलं, घरात कुणाला तोतरेपणा असेल किंवा हे सहा महिन्यांहून जास्त चाललं, तर स्पीच थेरपिस्टकडे न्या. जाताना घरी नकळत केलेलं दोन-तीन मिनिटांचं चित्रण सोबत ठेवा, कारण नव्या जागी मुलं बऱ्याचदा अजिबात अडखळत नाहीत.