टेस्टिंगला फुकट दिलं, आता गाळेवाला अर्धा हिस्सा मागतोय
तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं की तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळेवाल्याला तुम्ही पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा माल-विक्रीचा हिशोब) बनवायचं सॉफ्टवेअर टेस्टिंगला दिलं, पुढे हाच विकत घेईल म्हणून, कागदबिगद काही नाही, सगळं व्हॉट्सॲपवर, आणि आता तो म्हणतो हमाली-तोलाई कशी कापायची हे माझ्या मेहताजीने शिकवलं म्हणजे सॉफ्टवेअर अर्धं माझं, वर चुकीच्या पट्ट्या गेल्या त्याची भरपाई पण द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जातो.

अर्ध्या हिश्श्याचं टेन्शन सोडा. कॉपीराइट ॲक्ट 1957 मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय, हक्क कोड लिहिणाऱ्याचा, नुसती आयडिया सांगणाऱ्याचा नाही, आणि हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर कलम 19 प्रमाणे सहीचा कागद लागतो. तो कुठाय त्याच्याकडे?

पण तुम्ही त्याला "एक वर्ष फुकट वापरा, फक्त चुका सांगत जा" असं लिहिलंय ना, तिथे मात्र तुम्ही अडकलात. फुकट दिलेल्या शब्दाला काय किंमत असं तुम्हाला वाटतंय, पण तुमच्या सांगण्यावरून त्याने वेळ घालवला, चुका कळवल्या, काँट्रॅक्ट ॲक्टमध्ये हाच मोबदला (कलम 2(ड)). तेव्हा वर्ष पुरं करा, गपचूप.

भरपाईचं बघा. ग्राहक आयोगाची धमकी पोकळ आहे, फुकटची सेवा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसतच नाही आणि हा वापर तर धंद्यासाठीचा. सिव्हिल कोर्टात तो काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 73 खाली नुकसान मागू शकतो, पण ते त्याला सिद्ध करावं लागेल, आणि "अजून ट्रायल आहे, वहीत पण लिहीत जा" असा तुमचा एखादा मेसेज असेल तर केस बरीच हलकी होते. तो शोधा, अख्खं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि रागाच्या भरात त्यातलं काही डिलीट करू नका, लोक नेमकं तेच करतात.

शेतकऱ्यांचे मोबाइल आणि बँक खाते नंबर तुमच्या टेस्ट सर्व्हरवर खरेखुरे पडलेत हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. 2023 चा डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, आजच बॅकअप गाळेवाल्याला द्या, पोच घ्या आणि तुमच्याकडचा डेटा काढून टाका.

पुढच्या गाळ्यावर जाण्याआधी एक पानी करार करा: सूचना दिल्या तरी मालकी तुमची, ट्रायलवर विसंबायचं नाही, फुकट कधीपर्यंत ती तारीख, आणि बाहेर बोलायचं नाही. "करार संपल्यावरही दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घेणार नाही" असं मात्र लिहून घेऊ नका, काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 27 मुळे ते टिकायचं कठीण.