आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीत काचचित्रे करणाऱ्या स्त्रिया इतक्या संख्येने कशा पुढे आल्या?

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये रंगीत काचेच्या खिडक्या घडवणाऱ्या स्त्रिया एवढ्या संख्येने कशा दिसू लागतात आणि त्या पुरुषांच्या आराखड्यांवर नुसते रंग भरत होत्या का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिल्याचे उत्तर सहसा आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीच्या, म्हणजे कारखानी उत्पादनाऐवजी हस्तकौशल्याला मान देणाऱ्या चळवळीच्या, विचारांत शोधले जाते. मला मात्र ते भट्टीत सापडते.

काचचित्रात मुख्य रंग काचेच्या अंगचाच असतो. चित्रकार तिच्यावर लोहयुक्त गडद रंगाने रेषा आणि छाया काढतो, काच भट्टीत भाजून तो रंग पक्का केला जातो आणि मग सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाखले जातात. व्हिक्टोरियन काळातील मोठ्या कारखान्यांत ही कामे वेगवेगळ्या कारागिरांत वाटलेली असत आणि आराखडा काढणाऱ्याचा काचेला हातही लागत नसे. काचचित्रकार क्रिस्टोफर व्हॉल यांनी ही वाटणी नाकारली आणि लंडनच्या सेंट्रल स्कूल या कला-हस्तकलेच्या शाळेत शिकवताना कलावंताने काच निवडण्यापासून रंगवण्यापर्यंत सर्वत्र स्वतः लक्ष घालावे, असा आग्रह धरला. त्यांच्या वर्गांत स्त्रियाही शिकल्या, परंतु शिक्षण संपल्यावर स्वतःची भट्टी, काचेचा साठा आणि शिसे जोडणारे कारागीर एकट्या व्यक्तीने आणायचे कुठून?

ही अडचण सोडवली ती मेरी लाउंड्स यांनी. स्लेड कलाशाळेत शिकलेल्या लाउंड्स यांनी अनुभवी काच-कारागीर आल्फ्रेड ड्रुरी यांच्यासह १८९७ मध्ये लाउंड्स अँड ड्रुरी ही संस्था काढली आणि १९०६ मध्ये लंडनच्या फुलम भागात, लेटिस स्ट्रीटवर, ‘द ग्लास हाउस’ ही खास याच कामासाठी बांधलेली इमारत उभी राहिली. स्वतंत्र कलावंताने तेथे जागा भाड्याने घ्यावी, साठ्यातील काच निवडावी, कापणी, भाजणी आणि जोडणीसाठी तेथील कारागिरांची मदत घ्यावी, आणि खिडकी मात्र स्वतःच्या नावाने करावी, अशी ही सोय होती. (याच लाउंड्स १९०७ मध्ये स्थापन झालेल्या आर्टिस्ट्स सफ्रेज लीग या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या कलावंतांच्या संघटनेच्या प्रमुख होत्या. मताधिकाराच्या मिरवणुकांसाठी त्यांनी आखलेले ठळक रंगांचे झेंडे पाहताना काचेवर काम करणारा हात मला ओळखू येतो.)

काचचित्रकार मार्गारेट ॲग्नेस रोप यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. इंग्लंडमधील श्रूझबरीच्या कॅथलिक कॅथीड्रलमधील पश्चिमेची मोठी खिडकी त्यांनी १९१० मध्ये पूर्ण केली. १९२३ मध्ये त्या कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या जोगीण झाल्या आणि मठाबाहेर पडणे थांबले, तरी काम थांबले नाही, कारण रंगवलेली काच रेल्वेने ग्लास हाउसकडे जाई आणि भाजणी-जोडणी तिकडे होई.

डब्लिनमध्ये चित्रकार सेरा पर्सर यांनी १९०३ मध्ये ‘अन टूर ग्लिने’ ही कार्यशाळा उघडली. तेथे घडलेल्या विल्हेल्मिना गेडिस या माझ्या मते या पिढीतील सर्वांत समर्थ कलावंत होत. ओटावातील सेंट बार्थोलोम्यू चर्चमधील त्यांच्या १९१९ च्या युद्धस्मारक खिडकीतील आकृत्यांत गोडवा जवळपास नाही, वजन आहे. १९२५ मध्ये त्या लंडनला आल्या आणि त्यांनीही काम केले ते ग्लास हाउसमध्येच. बेल्जियमचा राजा आल्बर्ट पहिला याच्या स्मरणार्थ तेथील ईप्र शहराच्या कॅथीड्रलसाठी घडवलेली त्यांची खिडकी १९३८ ची आहे.

पुरुषाचा आराखडा आणि स्त्रीचे काम असे प्रसिद्ध उदाहरणही आहे, ते फेबियन सोसायटी या ब्रिटिश समाजवादी संस्थेच्या खिडकीचे. १९१० मध्ये नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी तिची कल्पना मांडली आणि कॅरोलाइन टाउनशेंड यांनी ती काचेत उतरवली. वर शॉ आणि सोसायटीतील त्यांचे सहकारी सिडनी वेब ऐरणीवर पृथ्वीचा गोल घडवीत आहेत, खाली सोसायटीतील मंडळी गुडघे टेकून बसली आहेत, लेखक एच. जी. वेल्स सर्वांना वाकुल्या दाखवीत आहेत, आणि त्याच ओळीच्या शेवटी टाउनशेंड स्वतःही आहेत.