आईची झोपेची गोळी एकदम बंद करू का?

‘आईला झोपेच्या गोळीची सवय लागलीय, कशी सोडवायची?’ हा प्रश्न घेऊन बरीच मुलं आणि सुना येतात. अनेकांनी त्याआधी घरी पट्टी लपवून पाहिलेली असते. त्यांच्यासाठी हा एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय ७४. यजमान गेले तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ही चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी, ०.२५ मिलिग्रॅमची, पंधरा दिवसांसाठी दिली होती. पंधरा दिवस संपले, पण गोळी चालूच राहिली. जुनी चिठ्ठी दाखवली की औषधाच्या दुकानात पट्टी मिळायची. हे औषध शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीतलं आहे, रजिस्टरात नोंद करूनच ते द्यायचं असतं. पण तसं झालं नाही. चार-पाच वर्षांत गोळी ०.५ ची झाली.

एका पहाटे बाथरूमला जाताना काकू पडल्या आणि मनगट मोडलं. मुलगा इतका घाबरला की त्याच दिवशी त्याने सगळ्या पट्ट्या काढून घेतल्या. दुसऱ्या रात्री काकूंचे हात थरथरू लागले, छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम. त्या गेलेल्या यजमानांना हाका मारत होत्या. सून सकाळीच त्यांना माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, “आईंच्या डोक्यावर परिणाम झालाय का हो?”

तसं काही नव्हतं. वर्षानुवर्षं घेतलेलं हे औषध अचानक तोडलं की शरीर असंच उसळतं, क्वचित फिटही येते. मी त्यांना लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी आधीचा डोस पुन्हा सुरू केला. मुलाला हे पटायला वेळ लागला. पडली ती गोळीमुळेच ना, मग परत का द्यायची? त्याचं चुकत नव्हतं. उतारवयात अल्प्राझोलामसारखी औषधं शरीरातून हळू बाहेर पडतात, तोल जातो, विसराळूपणा वाढतो. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीच्या ‘बीअर्स’ यादीतही ज्येष्ठांना ही औषधं शक्यतो देऊ नयेत, असं आहे. पण सोडायची तर पायरी-पायरीनेच.

मग मी काकूंशी एकट्याने बोलले.

“रात्री कितीला पडता?”

“मालिका संपली की. साडेआठ.”

“आणि जाग?”

“तीनला. मग डोळा म्हणून लागत नाही.”

म्हणजे साडेसहा तास झोप होत होती, शिवाय दुपारची दीड तासाची वेगळी. या वयाला एवढी झोप कमी नाही. त्रास तीननंतरच्या वेळेचा होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “चारला ह्यांचा चहा असायचा.” ती वेळ जागेपणी यायलाच नको म्हणून त्या तीनला आणखी अर्धी गोळी घ्यायच्या. पडल्या त्या पहाटेही घेतली होती. हे मुलाला माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. घरच्यांनी पट्ट्या मोजल्या होत्या, पण ती गोळी कशासाठी घेतेस, असं कुणी विचारलं नव्हतं. माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारायला हवं.

झोपायची वेळ साडेदहावर नेली, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी त्या संध्याकाळी घेत. फिजिशियननी ती सकाळी करून दिली. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा राहू लागला. चारच्या सुमाराला जाग आलीच तर उठून चहा टाकायचा आणि कराडच्या बहिणीला फोन करायचा, हे काकूंनीच ठरवलं. ती बहीणही पहाटे उठणारी.

अल्प्राझोलाम डॉक्टरांनी दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी केली. प्रत्येक पायरीनंतर दोन-तीन रात्री वाईट जातील हे घरात आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे धावपळ झाली नाही. मध्ये दोनदा डोस तिथेच थांबवावा लागला. शेवटच्या पाव गोळीला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाच महिने गेले. गॅस चालू ठेवून विसरणं बरंच कमी झालं; घरच्यांना आधी तो स्मृतिभ्रंश वाटला होता.

तुमच्या घरी गोळी आधीच बंद केली असेल आणि थरथर, गोंधळ किंवा भास दिसत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. फिट आली तर थेट रुग्णालयात न्या. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या बरोबर घ्या, सर्दीच्या गोळ्यासुद्धा. त्यातल्या काहींनीही गुंगी येते. रात्री-अपरात्री मनावरचं ओझं कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.