फिनलंडच्या खेड्यात हिवाळाभर माणसं करतात तरी काय? त्या अंधाराचा कंटाळा येत नाही का?

येतो की. पण तुम्हाला वाटतोय त्या महिन्यात नाही.

मी मूळची चिपळूणकडची. नवऱ्याची नोकरी योएन्सूला, म्हणजे फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या हद्दीकडच्या उत्तर कारेलियात. घर मात्र शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, तळ्याकाठच्या खेड्यात घेतलं. भाडं कमी होतं म्हणून. निसर्गाची आवड वगैरे आम्हाला नंतर लागली. हा सहावा हिवाळा.

सूर्य अजिबात न उगवणं हे पार उत्तरेला. उत्सयोकीला तो जवळजवळ ५० दिवस तोंड दाखवत नाही. आमच्याकडे ऐन डिसेंबरातही साडेनऊनंतर येतो आणि तीनच्या आत जातो, तेवढा वेळ पाइनच्या शेंड्यांवर रेंगाळतो. जीव खातो तो नोव्हेंबर. पाऊस, चिखल, आणि बर्फाचा पत्ता नाही. फिनिशमध्ये या महिन्याला मर्रासकू म्हणतात, आणि त्यातल्या 'मर्रास'चं नातं मरणाशी आहे. बारसं करणाऱ्याने विचार करूनच नाव ठेवलेलं दिसतं. पहिल्या वर्षी या महिन्यात मी दुपारी चारला रात्रीचा कुकर लावायचे आणि आईला फोन करून उगाच रडायचे.

मग एका रात्री बर्फ पडतो आणि सगळं बदलतं. जमीनच पांढरी झाल्यावर चंद्राचा, खिडकीतल्या दिव्याचा, होता-नव्हता तो सगळा उजेड खालून परत वर येतो. दुकानात गप्प असणारी माणसंसुद्धा त्या दिवशी 'आला एकदाचा' असं काहीतरी बोलतात.

आता, करतात काय? बराच वेळ सरपणात जातो. आमच्या घरात शंखजिऱ्याच्या दगडाची मोठी भट्टी आहे. हा दगड जवळच्याच युका गावच्या खाणीतला. दोन तास लाकडं जाळायची, ती उष्णता दगड पिऊन घेतो आणि दुसऱ्या सकाळपर्यंत हळूहळू सोडत राहतो. लाकूड भूर्जाचं, वसंतात फोडून उन्हाळाभर वाळवलेलं. आणि पेटवायला त्याचीच साल. आपल्याकडे ज्यावर पोथ्या लिहिल्या ते भूर्जपत्र याच्याच भावकीतलं. साल ओली असली तरी काडी लावल्याबरोबर काळा धूर सोडत भडकते. दरवेळी ती सोलताना मला थोडं पाप केल्यासारखं वाटतं, मग थंडी वाटते आणि पाप विसरायला होतं.

भट्टी पेटवायला मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं. (इथे कुणी कुणाला आजोबा म्हणत नाही, ऐंशीच्या माणसालाही नावाने आणि अरे-तुरेच. मला ते जमत नाही, म्हणून मी त्यांना नावाने हाकच मारत नाही.) त्यांनी खाली बसवून निखारे दाखवले. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचतेय तोवर धुराड्याची झडप लावायची नाही, विषारी वायू घरात कोंडतो. ज्योत गेली की मात्र लगेच लावायची, नाहीतर सगळी ऊब आभाळाला. एवढं सांगून ते उठले आणि चहाकॉफी न घेता निघून गेले. मला वाटलं, रागावले. तसं काही नव्हतं, त्यांचं बोलायचं संपलं होतं.

दुसरं काम बर्फ ओढणं. लुमिकोला नावाचं एक मोठं सुपासारखं अवजार असतं, दोन्ही हातांनी ढकलायचं. तासभर राबून अंगण साफ करावं आणि तेवढ्यात रस्त्यावरून नांगराची गाडी जाऊन फाटकाच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालून जावी, हे इथलं रोजचं दुःख आहे.

आणि सतरंज्या! हे कुणी सांगत नाही. कोरडी थंडी आणि ताजा बर्फ असला की घरातल्या सतरंज्या अंगणात नेऊन पालथ्या घालतात आणि धोपटतात. उचलल्यावर बर्फावर करड्या मळाचा चौकोन उमटलेला असतो. सतरंजी मात्र ओली होत नाही आणि घरात आणली की तिला एक स्वच्छ, गार वास येतो. मला हा चौकोन बघायला भलतं आवडतं. आमचं घर इतकं घाण होतं याचा पुरावाच तो.

शनिवारी सौना, म्हणजे वाफ घ्यायची तापवलेली खोली. ५५ लाखांच्या देशात ३० लाखांच्या आसपास सौना आहेत, आणि २०२० साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही घेतलं. पण त्या खोलीत काळोखात बाकावर बसून समोर लाकडं तडतडताना मला आठवतं ते आमचं न्हाणीघर आणि बंबाचा धूर. फरक एवढाच की इथे शेजारणी सोबत असतात आणि अंगावर कुणाच्याच काही नसतं. पहिल्यांदा मी टॉवेल इतका घट्ट धरला होता की शेजारच्या आजींनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? तापलेल्या दगडांवर पाणी मारलं की जी वाफ उठून कानांच्या पाळ्यांना चावते, तिला खास शब्द आहे, ल्योल्यू. त्यानंतर तळ्यातल्या बर्फाला पाडलेल्या भोकात, डोक्यावर लोकरी टोपी ठेवून, गळ्यापर्यंत उतरायचं. मी दहापर्यंत मोजते. मराठीत मोजलं की लवकर संपतं.

मग कॉफी. माणशी वर्षाला दहा किलोच्या आसपास कॉफी हे लोक रिचवतात. तिच्यासोबत पुल्ला नावाचा गोड पाव, त्यात भरड कुटलेला वेलदोडा. आजींच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि उणे वीसमधून थेट करंज्यांच्या वासात पाय पडला, तो दिवस मी विसरणार नाही. आमची दोघींची मैत्री मुळात खलबत्त्यावरून झाली.

पुरुषमंडळी, आणि आता मीही, तळ्यावर मासे धरायला बसतो. हाताने फिरवायच्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, वीतभर काठीचा गळ सोडायचा आणि बसून राहायचं. असा एक गळ टाकायला परवाना लागत नाही. बाबा व्हिडिओ कॉलवर ओरडले होते, "तळ्यावर बसतेस म्हणजे? बुडशील!" त्यांना सांगितलं की चांगला कडक बर्फ पाच सेंटीमीटर असला तरी माणसाला पेलतो, आमच्याकडे फेब्रुवारीत अर्धा मीटर होतो, आणि थंडी पुरेशी पडली तर पिएलिनेन तळ्यावर कोली गावापासून पलीकडे सातेक किलोमीटरचा रस्ताच बर्फावरून काढतात. बाबांनी फोन आईकडे दिला. पर्च नावाचा जो पट्टेदार मासा मिळतो त्याचे खवले काढताना बोटं फुटतात. मी तो हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तळते. आजोबांनी चार तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "इहान ह्यूवॅ." शब्दशः अर्थ 'तसं बरंय'. इथे याहून मोठी दाद सहसा मिळत नाही.

तुम्ही बघायला येणार असाल तर डिसेंबरात येऊ नका, मार्चमध्ये या. तेव्हा दिवस बारा तासांचा असतो आणि बर्फ अजून मांडीभर. दिवसा उन्हाने त्याचा वरचा थर सैल होतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि सकाळी तो पापुद्रा माणसाचं वजन आरामात पेलतो. याला हांकिकांतो म्हणतात. शेतांवरून, गाडल्या गेलेल्या कुंपणांवरून, उन्हाळ्यात पाय ठेवता येणार नाही अशा दलदलीवरून सरळ चालत सुटायचं. फक्त दहा-अकराच्या आत परत फिरा. मी एकदा फोटो काढत राहिले आणि शेवटचे दोनशे मीटर, दर पावलाला मांडीपर्यंत रुतत, एक बूट हातात घेऊन घरी आले. आजोबा खिडकीतून सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी दाराशी एक जोड जुन्या रुंद स्की ठेवलेल्या होत्या, सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही.