खिडकीची कडी हाताला येते का? इमारती, वीज आणि राहणाऱ्यांच्या सवयी

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीपाशी येऊन थांबतात: इमारत कागदावर उत्तम होती, माणसं राहायला आली आणि हिशेब चुकला. दोष माणसांचा, असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलं आहे. मला ते मान्य नाही. माणसं रोज कशी वागतात हे आधी बघता येतं. ज्यानं ते बघितलं नाही, त्यानं राहणाऱ्यांना बोल लावू नये.

प्रश्न: आमच्या कार्यालयाच्या नव्या इमारतीला आराखड्याच्या वेळी दिलेल्या अंदाजाच्या जवळजवळ दीडपट वीज लागते. आमची फसवणूक झाली का?

उत्तर: झालीच असेल असं नाही. संगणकावर वीजवापर काढताना आधी एक वेळापत्रक भरावं लागतं. लोक नऊला येतात, सहाला जातात, जाताना दिवे आणि संगणक बंद करतात, एसी २४ अंशांवर असतो, खिडक्या मिटलेल्या असतात. तुमच्याकडे साफसफाई रात्री आठनंतर होत असेल आणि तेवढ्यासाठी सगळा मजला उजळत असेल, तर तो तास त्या वेळापत्रकात नसणारच. आराखडा करणाऱ्यांकडून ही गृहीतकं लेखी मागून घ्या आणि आपल्या रोजच्या दिवसाशी ताडून बघा.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात घरांची मोजणी केली. घरं एकाच नकाशाची, एकमेकांना लागून. तरी घर उबदार ठेवायला लागणाऱ्या गॅसमध्ये एका घराचा आकडा दुसऱ्याच्या दुपटीवर जायचा, आणि कुटुंब बदललं की त्याच घराचा आकडाही बदलायचा. म्हणून एकच आकडा सांगणारा अंदाज मी घेत नाही. काटकसरीनं वापर झाला तर किती आणि सढळ हातानं झाला तर किती, अशी दोन टोकं मागतो.

तोवर एक करा. रात्री ११ला आणि पहाटे ५ला मीटर वाचा. इमारत रिकामी असतानाही आकडा बराच पुढे सरकला, तर शोध तिथूनच सुरू करा. वेळ न बदललेला एखादा टायमर, रात्रभर फिरणारे हवेचे पंखे, असं काहीतरी हमखास सापडतं.

प्रश्न: दिव्यांना सेन्सर बसवले. आता काम करताना मध्येच अंधार होतो आणि लोक हात हलवत बसतात. दोघांनी तर सेन्सरवर चिकटपट्टीच लावली. त्यांना कसं समजवायचं?

उत्तर: त्यांना समजवू नका, त्यांचं ऐका. ती चिकटपट्टी म्हणजे तुमच्या इमारतीबद्दल मिळालेला सगळ्यात खरा अभिप्राय आहे. शांत बसून वाचणाऱ्या माणसाची हालचाल सेन्सरला टिपता येत नसेल, तर सेन्सरची जागा किंवा जात चुकली आहे. दिवा विझण्याआधीची मुदतही फार कमी ठेवलेली असेल. ती आधी वाढवून बघा.

पण खरी गोम वेगळीच आहे. ब्रिटनमध्ये हंट या संशोधकानं १९७९ साली मांडलेली निरीक्षणं आजही उपयोगी पडतात. खोलीत शिरताना उजेड कमी वाटला तर माणूस दिवा लावतो. नंतर बाहेर लख्ख ऊन पडलं तरी तो उठून दिवा बंद करत नाही. खोली रिकामी होईपर्यंत दिवा तसाच राहतो. म्हणजे लावायचं काम माणूस नीट करतो, बंद करायचं विसरतो. मग विसरलं जाणारं काम यंत्राला द्या. दिवा हातानं लावायचा आणि खोली रिकामी झाली की तो आपोआप विझायचा, अशी रचना ठेवा. माणूस आत येताच आपोआप पेटणारा दिवा भर दुपारीही पेटतो.

पडद्यांचंही तसंच. सकाळी वीस मिनिटं ऊन थेट डोळ्यांत येतं म्हणून पडदा खाली येतो आणि संध्याकाळपर्यंत खालीच राहतो. मग एवढ्या मोठ्या काचा लावून दिवसभर दिवे! त्या वीस मिनिटांचा बंदोबस्त बाहेरून छज्जानं किंवा आडव्या पट्ट्यांनी केला, टेबलं थोडी वळवली, तर पडद्याला हात लावायची वेळच येत नाही. पडदा दोन भागांत असला तर आणखी बरं: खालचा डोळ्यांसाठी, वरचा उजेड आत येण्यासाठी.

प्रश्न: आमच्याकडे एसी एकाच ठिकाणाहून चालतो. कुणी कुडकुडतं, कुणी घामाघूम होतं. व्यवस्थापन म्हणतं, लोकांच्या हातात नियंत्रण दिलं तर वीज उधळली जाईल.

उत्तर: एका कार्यालयात मी हे अगदी जवळून पाहिलं आहे. छतातल्या एसीच्या जाळीवर कुणीतरी पुठ्ठा चिकटवला होता. खाली बसणाऱ्या बाई शाल पांघरून काम करत होत्या, आणि पलीकडच्या टेबलाखाली पायांशी हीटर चालू होता. एकाच खोलीत थंड करायलाही वीज जळत होती आणि गरम करायलाही. नियंत्रण दिलं नाही तरी माणसं ते मिळवतातच, फक्त महागड्या वाटेनं.

सगळ्यांना एकाच तापमानात बरं वाटेल, ही अपेक्षाच चूक आहे. डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी माणसाला किती तापमानात बरं वाटतं याचं १९७० साली मांडलेलं गणित यंत्रणा आखताना अजून वापरतात. त्यातही सर्वोत्तम तापमानाला ५ टक्के लोक नाराज राहतील असंच धरलेलं आहे. पुढे १९९८ मध्ये डी डिअर आणि ब्रेगर या संशोधकांनी १६० इमारतींमधली सुमारे २१,००० निरीक्षणं तपासली. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींत लोकांना सोसणाऱ्या तापमानाची कक्षा जास्त रुंद होती आणि ती बाहेरच्या हवेबरोबर सरकत होती. अशा इमारतींसाठीचं ढोबळ सूत्र असं: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ नं गुणा आणि त्यात १७.८ मिळवा. बाहेर सरासरी ३० अंश असेल तर आत २७ अंशांच्या आसपास माणसं खूश असतात. अशा इमारतीत एसी २२ वर ठेवायचा कशासाठी?

सुरुवात पंख्यांपासून करा. अंगावर वारा असला की खोली दोन-तीन अंश जास्त गरम असली तरी चालते, आणि एसीच्या मानानं पंख्याला वीज नगण्य लागते. जमेल तिथे प्रत्येकाला त्याचा पंखा द्या. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेलं तापमान आलं की यंत्र थांबवणारं बटण, हाती देणार असाल तर तो काय करतो तेही दाखवा. अमेरिकेतले संशोधक विलेट केम्प्टन यांनी १९८६ साली लिहिलं होतं की पुष्कळ लोक थर्मोस्टॅटला नळासारखा समजतात, जास्त फिरवला की जास्त वेगानं काम होईल म्हणून. साधा एसी १६ वर लावला म्हणून लवकर थंड करत नाही, थांबायचं मात्र विसरतो. बटणावर एक अंश वर, एक अंश खाली एवढीच मुभा ठेवली तरी बऱ्याच तक्रारी मिटतात.

प्रश्न: जुन्या घराच्या भिंतींना उष्णतारोधक थर लावला, तावदानं बदलली. सांगितलं होतं तेवढी बचत झालीच नाही. पैसे वाया गेले का?

उत्तर: नाही. जर्मनीतल्या घरांचा अभ्यास करून सुनिका-ब्लँक आणि गॅल्विन यांनी २०१२ मध्ये दाखवलं की घर उबदार ठेवायला हिशेबानं जेवढं इंधन लागायला हवं, त्यापेक्षा सरासरी ३० टक्के कमीच तिथली कुटुंबं वापरत होती. ऊब टिकत नाही अशा घरात माणसं आधीच एका खोलीत दाटीवाटीनं राहून, अंगावर जास्त कपडे घालून भागवत असतात. जे जळतच नव्हतं ते वाचणार कसं? दुरुस्तीनंतर तुम्ही सगळ्या खोल्या वापरू लागला असाल, तर बचतीचा काही भाग सुखात गेला. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर ते सुख मी आरोग्यात धरतो.

प्रश्न: ‘दिवे बंद करा’ अशा पाट्या लावून उपयोग होतो का?

उत्तर: आठवडाभर. मग पाटी भिंतीचाच भाग होते. त्यापेक्षा आठ बटणांच्या फळीवर कोणतं बटण कोणत्या दिव्याचं ते लिहा, आणि शेवटी जाणाऱ्याच्या वाटेवर, दाराशी, सगळं बंद करणारं एक बटण द्या.

प्रश्न: मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. राहणाऱ्यांचा विचार आराखड्यात नेमका कुठून सुरू करू?

उत्तर: हाताच्या उंचीपासून. खिडकी उघडायला टेबलावरून वाकावं लागत असेल, तर ती खिडकी उघडणार नाही, मग वायुवीजनाचा आराखडा कितीही सुंदर असो. जिना आणि लिफ्ट यांचंही तसंच आहे. अमेरिकेत सिअॅटलमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या बुलिट सेंटर या कार्यालयांच्या इमारतीत जिना काचेआड, उजेडात, बाहेरचं दृश्य दिसेल असा ठेवला आहे. लिफ्ट नजरेत भरत नाही. जिना वापरा असं तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

काम पूर्ण झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आणि पहिल्या हिवाळ्यात तिथे परत जा. सोबत नकाशा न्या आणि कोणती खिडकी कधीच उघडली गेली नाही त्यावर खूण करा. कडीवर साचलेल्या धुळीवरून ते लगेच कळतं. मग तिथे बसणाऱ्या माणसाला कारण विचारा.