जुन्या अँब्युलन्स शववाहिनीसारख्या का दिसतात?

तुम्ही विचारलंय की तुमच्या टाउनच्या फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये (म्हणजे गावच्या स्वयंसेवकांच्या अँब्युलन्स पथकात) भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो आहेत, त्यातल्या अर्ध्या शववाहिनीसारख्या का दिसतात. दिसतात, कारण शववाहिनीची बहीणच ती. न्यू जर्सीत बारा वर्षं स्क्वॉडवर रात्रपाळ्या केल्यात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आडवा माणूस मावेल एवढी लांब गाडी अमेरिकन गावात बहुधा एकाकडेच असायची: अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्याकडे. कॅडिलॅक लांब चासी (चाकं-इंजिनासकट गाडीचा सांगाडा) पुरवायची, ओहायोतल्या मिलर-मीटिऑर, सुपीरियर या कंपन्या तिच्यावर बॉडी चढवायच्या. शववाहिनी आणि अँब्युलन्स दोन्ही तिथेच बनत. दोन्ही कामांना चालणारी 'कॉम्बिनेशन कार'ही मिळायची. दिवा काढला की तीच गाडी स्मशानाकडे. १९६६ च्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या गाजलेल्या अहवालात म्हटलंय, की देशातली जवळपास निम्मी अँब्युलन्स सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे १२,००० जणच चालवत होते.

स्वयंसेवकांची पथकं या अहवालाच्या कितीतरी आधीची. व्हर्जिनियातल्या रोअनोकला ज्युलियन वाइज नावाच्या रेल्वे कर्मचाऱ्याने १९२८ मध्ये सहकाऱ्यांना घेऊन पथक उभं केलं. लहानपणी नदीत होडी उलटून दोघांना बुडताना त्याने पाहिलं होतं आणि काठावरच्या कुणालाच काही करता आलं नव्हतं. पथकं वाढली, पण गाड्या बाजारात मिळत त्याच. वर्गणी गोळा करून घेणार कुठली? आपल्याकडच्या गणेश मंडळाच्या रुग्णवाहिकेसारखंच, फक्त आमदार निधीऐवजी पॅनकेक ब्रेकफास्ट, म्हणजे गावाला नाश्ता विकून जमवलेले पैसे.

फोटोत छपराकडे बघा, खरी गोष्ट तिथे आहे. एका परेडला साठच्या दशकातली कॅडिलॅक आली होती, मालकाने आत बसू दिलं. क्रोमची मूठ, मऊ गादी, सगळं झकास. मी गंमत म्हणून स्ट्रेचरवर वाकून छातीवर दाब द्यायचा आव आणला, तर दुसऱ्याच दाबाला डोकं छताला आपटलं. छाती दाबून हृदय चालू ठेवायची पद्धत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९६० मध्ये मांडली. ती गाडीत करायची तर उभं राहायला जागा हवी. कॅडिलॅक रुग्णाला पोहोचवायला होती, वाटेत उपचार करायला नव्हे.

१९७४ मध्ये केंद्र सरकारने अँब्युलन्सचे निकष ठरवले. ट्रकवर चौकोनी डबा म्हणजे टाइप वन, उंच छपराची व्हॅन टाइप टू, व्हॅनचं पुढचं तोंड आणि मागे डबा टाइप थ्री. मग १९७७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने कॅडिलॅकच आखूड केली, आणि त्या ऐटबाज गाड्यांचे दिवस भरले. फोटोंत केशरी क्रॉसऐवजी सहा बाहूंचा निळा तारा दिसू लागतो, तोही याच सुमाराचा. तो क्रॉस आमच्या क्रॉससारखाच दिसतो, अशी रेड क्रॉसची तक्रार होती.

तुमचं दुसरं कोडं, डबा जुना आणि केबिन कोरं कसं? त्याला रिमाउंट म्हणतात. इंजिन थकलं की डबा उचलून नव्या चासीवर बसवतात, पैसे वाचतात. आमची सध्याची रिग (गाडीला इथे सगळे रिगच म्हणतात) तशीच आहे. केबिनला अजून नव्या गाडीचा वास येतो, मागे मात्र ऑक्सिजनच्या कपाटाचं दार कुणीतरी केव्हाचं चिकटपट्टीने लावून ठेवलंय.