बायपासनंतर उलट्या? आधी बी-१, मग सलाईन

लठ्ठपणासाठी केलेल्या गॅस्ट्रिक बायपासबद्दल त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून या वेळी एकत्र उत्तरं.

वजन ११८ किलो, उंची १६० सेंटिमीटर. बायपासने किती वजन उतरेल? (कोथरूड)
तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४६ आहे, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार रास्तच. साधारण वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के, म्हणजे ३० ते ३५ किलो उतरतं. पुढे त्यातलं थोडं परत चढतं. ६० किलोवर येण्याची स्वप्नं पाहू नका.

जाहिरातीत ‘मधुमेह कायमचा बरा’ असं वाचलं. वडील १५ वर्षं मधुमेही, इन्सुलिनवर आहेत. करून घ्यावी का? (पिंपरी)
‘कायमचा’ हे जाहिरातवाल्यांचं म्हणणं. मधुमेह नवा आणि गोळ्यांवर असेल, तर गोळ्या सुटण्याची शक्यता चांगली असते. इतका जुना असेल, तर इन्सुलिनचा डोस उतरला तरी पुष्कळ. शिवाय सुटलेला मधुमेह काही वर्षांनी परतू शकतो. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि डोळ्यांची तपासणी चालूच ठेवायची. आधी सी-पेप्टाइड तपासा, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते कळेल, आणि एंडोक्रायनॉलॉजिस्टचं (हार्मोनतज्ज्ञाचं) मत घ्या. ‘या महिन्यात नोंदणी केल्यास सवलत’ अशी पाटी दिसली, तर आल्या पावली परत फिरा.

गुडघे दुखतात. आयब्युप्रोफेन चालेल? (धायरी)
नाही, बायपासनंतर जठर आणि आतड्याच्या जोडाजवळ अल्सर होतो. पॅरासिटामॉल किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. मिश्री आणि तंबाखूलाही हेच उत्तर.

पत्नीच्या बायपासला पाच आठवडे झाले. पंधरा दिवस रोज उलट्या होतात. नातेवाईक म्हणतात, सुरुवातीला होतंच. जवळच्या दवाखान्यात दोनदा सलाईन लावलं. अजून वाट पाहावी का? (हडपसर)
अजिबात नाही. हे उत्तर वाचून संपवायच्या आधी सर्जनला फोन लावा.

बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते आणि तिला लहान आतडं जोडतात. हा जोड काही आठवड्यांत आकसू शकतो. आधी पोळी अडते, मग मऊ भात, शेवटी पाणीसुद्धा. एंडोस्कोपीने आत पाहून फुग्याने तो रुंद करता येतो. म्हणजे अडथळ्यावर इलाज आहे. माझी काळजी वेगळीच आहे.

शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. अन्न पोटात ठरत नाही, गोळ्या उलटीतून पडतात. त्यात ‘सलाईन’ म्हणून लावलेली बाटली पुष्कळदा डीएनएसची, म्हणजे ग्लुकोजचीच असते. ग्लुकोज वापरायला बी-१ लागतं, त्यामुळे उरलंसुरलंही खर्ची पडतं. मग एकाचे दोन दिसू लागतात, बुबुळं थरथरतात, चालताना झोक जातो, बोलणं असंबद्ध होतं. घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आहे. या अवस्थेत उशीर झाला, तर गेलेली स्मरणशक्ती परत येईलच असं नाही.

म्हणून कुठेही सलाईन लावायची वेळ आली, तर आधी सांगा : “पोटाची, गॅस्ट्रिक बायपास झाली आहे, ग्लुकोजच्या आधी शिरेतून थायमिन, म्हणजे बी-१ द्या.” बी-१च्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. वरचं एक जरी लक्षण दिसलं, तरी दवाखाना नको. थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. आणि ‘होतंच’ म्हणणाऱ्यांना चहा पाजा, सल्ला विचारू नका.

वाटीभर आमरस खाल्ला, अर्ध्या तासात घाम, धडधड. हार्टचं असेल का? (सिंहगड रस्ता)
बहुधा डम्पिंग : गोड पदार्थ भरभर आतड्यात उतरतो आणि पाणी ओढून घेतो. तरी एकदा ईसीजी काढाच. आमरस, जिलबी बंद. आधी डाळ, पनीर किंवा अंडं, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. दोन तासांनी भोवळ येत असेल, तर त्या वेळची साखर मोजून डॉक्टरांना दाखवा.

दीड वर्षात ३८ किलो उतरलं. जेवल्यावर अधूनमधून पोटात मुरडा येतो. सोनोग्राफी नॉर्मल आहे, ओवा खाऊन भागवतो. (औंध)
सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसतात, हे दिसत नाही. चरबी झडली की आतड्याच्या पडद्यातल्या फटी रुंदावतात आणि आतडं त्यात शिरून पिळतं, सुटतं, पुन्हा पिळतं. याला अंतर्गत हर्निया म्हणतात. कॉन्ट्रास्ट (आतडं उठून दिसावं म्हणून औषध देऊन काढलेला) सीटी स्कॅन लागेल. तोही कधीकधी चकवतो, मग दुर्बीण घालूनच पाहावं लागतं. ओवा बाजूला ठेवा आणि या आठवड्यातच बॅरिअ‍ॅट्रिक (लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जनकडे जा. दुखणं सलग राहिलं, तर मात्र सकाळ उजाडायची वाट पाहू नका; अडकलेलं आतडं काळं पडायला काही तास पुरतात. जाताना ऑपरेशनची नोंद सोबत न्या. त्या फटी शिवल्या होत्या की नाही, हे सर्जन त्यातच पाहील.